हनी अँड क्लोव्हर: इतकी चांगली ॲनिमे आणि नाव कुणीच का घेत नाही?

रातराणी_पुणे
इथे ॲनिमेचे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचे, धागे ढीगभर आहेत पण रोमान्स म्हटलं की सगळी गाडी शाळेच्या गच्चीवर जाऊन थांबते. सोळा वर्षांची मुलं, हात धरायला बारा भाग, शेवटच्या भागात एकदाची कबुली. मला त्याचा राग नाही, मीही बघते. पण आता पस्तिशी ओलांडली, नोकरी आहे, आईची औषधं आहेत, घराचा हप्ता आहे, तर कधीतरी आपल्या वयाच्या बाईसाठी काढलेलं काहीतरी बघावंसं वाटतं की नाही? जपानमध्ये मोठ्या बायकांसाठीचा वेगळा विभागच आहे, जोसेइ. मांगा (जपानी कॉमिक्स) पुष्कळ, ॲनिमे त्यामानाने मोजक्या.

त्यातली माझी सगळ्यात लाडकी हनी अँड क्लोव्हर. चिका उमिनोची मांगा, २००० ते २००६, दहा खंड. ॲनिमे २००५ ला आली, २४ भाग, मग २००६ ला दुसरा सीझन १२ भागांचा. टोकियोतलं आर्ट कॉलेज. ताकेमोतो आर्किटेक्चरला, मायामा त्याचा सीनियर, यामादा मातीकाम करते, हागू चित्र-शिल्प दोन्हीत अफाट, आणि मोरिता नावाचा प्राणी जो वर्षानुवर्षं पासच होत नाही. ताकेमोतोला हागू आवडते, मोरितालाही हागूच. यामादाला मायामा आवडतो आणि मायामाला आवडते रिका, त्याच्याहून मोठी, नवरा अपघातात गेलेली. सगळेच चुकीच्या दाराशी उभे. जवळजवळ कुणालाच हवं ते माणूस मिळत नाही आणि तरी एवढं समाधान मला दुसऱ्या कुठल्या प्रेमकथेने दिलेलं नाही.

तर प्रश्न दोन. एक, हिचं नाव कुणी का घेत नाही? दोन, ज्यांनी बघितली त्यांना शेवट पटला का? स्पॉयलर चालतील, वीस वर्षं होऊन गेलीत.

नादखुळा
वीस वर्षं झाली आसतील ओ ताई, पर आमी नाव आत्ताच ऐकलं की. जरा झाकून लिवा.

निवांत_बसलोय
मी तीन भाग बघून सोडली. एक तर मोरिता सतत किंचाळतो, आणि ती हागू अठरा वर्षांची म्हणतात पण दिसते आठ वर्षांची. तिच्या प्रेमात दोन घोडे पडलेत हे बघताना मला तरी कसंसंच झालं. 'मोठ्या बायकांसाठी' म्हणता आणि नायिका बाहुली?

रातराणी_पुणे
@निवांत_बसलोय, हा आक्षेप सगळ्यांचाच असतो आणि तो खोडून काढायला मी जाणार नाही, पहिल्यांदा मलाही खटकलं होतं. पण ती घरात बसून वाढलेली, नागानोच्या खेड्यात आजीपाशी, माणसांची सवयच नाही तिला. आणि काम करायला बसली की तीच मुलगी सगळ्यात मोठी वाटते. चौथ्या-पाचव्या भागापर्यंत दम धरा.

निवांत_बसलोय
'दम धरा, पुढे चांगली आहे' हे प्रत्येक ॲनिमेवाल्याचं पेटंट वाक्य आहे. दिवे घ्या.

खारे_दाणे
हाहा, शंभर टक्के. आमच्या ग्रुपात एक जण 'तीनशे भागांनंतर मजा येते' असं तोंड वर करून सांगतो.

एदोगावाकर
पहिल्या प्रश्नावर थोडं लिहितो, लांबेल. मी टोकियोत राहतो, आमच्या निशिकासाईत निम्मे भारतीयच त्यामुळे तूरडाळ आणि कढीपत्ता सहज मिळतो, हे अवांतर.

२००५ च्या एप्रिलमध्ये फुजी टीव्हीने गुरुवारी मध्यरात्रीनंतर एक खास वेळ काढली, नोइतामिना नावाची. तोपर्यंत रात्री उशिराच्या ॲनिमे म्हणजे बहुतेक पुरुष चाहत्यांसाठीचा माल, डीव्हीडी विकायच्या म्हणून काढलेला. यांनी ठरवलं की एरवी मालिका बघणाऱ्या, नोकरी करणाऱ्या तरुण बायकांना ॲनिमेकडे आणायचं. आणि त्या स्लॉटची अगदी पहिली ॲनिमे कुठली, तर हनी अँड क्लोव्हर. पुढे २००७ ला नोदामे कान्ताबिले तिथेच आली, दिग्दर्शक तोच, कासाई केन-इची. दुसरा सीझन नागाई तात्सुयुकी या तेव्हा तरुण असलेल्या माणसाकडे होता, त्याने नंतर तोरादोरा आणि आनोहाना केल्या, ज्या तुमच्यापैकी निम्म्यांनी रडत रडत बघितल्या असणार. म्हणजे हिच्या पोटी बरंच काही जन्मलंय आणि आईचंच नाव कुणाला माहीत नाही.

इकडे ती मुळीच दुर्लक्षित नाही बरं का. मांगाला २००३ चा कोदान्शा पुरस्कार, २००६ ला सिनेमा, २००८ ला टीव्ही मालिका. माझ्या हापिसात चाळिशीच्या बायकांपुढे नाव काढलं की लगेच 'तू कोणाच्या बाजूचा' सुरू होतं. बाहेर मात्र त्या काळात ॲनिमे कोण बघत होतं? कॉलेजातली पोरं, तीही लढाया. मांगाच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड २००८ ला आला, तोवर ॲनिमे संपून दीडेक वर्ष झालं होतं. वेळ चुकली एवढंच.

ताकेमोतोची खोली आठवा. सहा तातामीची, म्हणजे सहा चटयांएवढी खोली, अंघोळीची सोय नाही, भाडं अडतीस हजार येन, कॉलेज दहा मिनिटांवर. माझ्या एका सहकाऱ्याने अशाच खोलीत दिवस काढलेत. थंडीत सार्वजनिक स्नानगृहातून घरी येईपर्यंत केस गार पडायचे म्हणाला.

रातराणी_पुणे
@एदोगावाकर, मस्त प्रतिसाद! कासाईंनीच नोदामे केली हे माहीत नव्हतं. आता कळलं दोन्हीकडे मधेच एकदम शांतता का पसरते.

ठाम_मत
मायामाबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. तो पाठलाग करतो. रिकाच्या मागे मागे फिरतो, तिच्याबद्दलची माहिती गोळा करतो, तिच्या ऑफिसात नोकरी धरतो. आपल्याकडे सिनेमातल्या हिरोने हे केलं की आपण पाचशे शब्दांचे लेख लिहितो आणि जपानी चष्मेवाल्या पोराने केलं की 'किती हळवा' म्हणतो. का?

खारे_दाणे
चष्म्यामुळे.

ठाम_मत
@खारे_दाणे हसू नका, बऱ्याच अंशी हेच खरं कारण आहे.

तिरफळ
@ठाम_मत, पण मालिकेलाच ते माहीत आहे ना. बाकीचे त्याला तोंडावर स्टॉकर म्हणतात, तो स्वतःलाही फार चांगला समजत नाही. आणि रिका त्याला सुरुवातीला कामावरून काढते ते काही उगीच नाही. तिला कळतंय की हा पोरगा तिच्या दुःखात घर करू बघतोय. मला तर मायामा-रिका हा भाग सगळ्यात प्रौढ वाटला. ती बाई नवऱ्यासोबतच मेली असती तर बरं असं मानून जगतेय, काठी घेऊन चालते, अंगावर अपघाताचे व्रण, आणि नवऱ्याचं नाव लावलेली कंपनी चालवते. तिच्या आयुष्यात कुणी 'प्रेम' घेऊन आलं तर ती कुठे ठेवणार ते? तिला जगायलाच लावणारं कुणीतरी हवं होतं, आणि ते काम थोडा हट्टी, थोडा निर्लज्ज माणूसच करू शकतो. मला मायामा आवडत नाही पण पटतो.

ठाम_मत
पटतो आणि आवडत नाही हे मान्य. माझा राग दुसराच आहे खरं तर. यामादा आपल्यावर जीव टाकते हे त्याला माहीत आहे. मग तिला ठाम नकार देऊन बाजूला व्हायचं की नाही? नाही. तिचं दुसऱ्या कुणाशी जुळायला लागलं की याच्या पोटात दुखतं. नोमिया यामादाच्या जवळ यायला लागतो तेव्हा मायामाचं जे सुरू होतं ना, 'तो चांगला माणूस नाही, तिला त्रास होईल'... अरे तू कोण?

माहेरवाशीण
'अरे तू कोण' ला माझे दहा हजार लाईक्स. अशा मित्रांची एक संघटनाच आहे. स्वतःला नको आणि दुसऱ्यालाही देववत नाही.

कुंभारीण
यामादाचा विषय निघाला म्हणून इतकी वर्षं फक्त वाचणारी मी आज लिहितेय.

मी सिरॅमिक्स करते, घराच्या मागे छोटा स्टुडिओ आहे. मातीवाले लोक पडद्यावर दिसले की मी आधी हात बघते. बहुतेक ठिकाणी नायिका नखं रंगवून चाकावर बसते आणि दोन मिनिटांत सुरई तयार. यामादाचं तसं नाही. मन थाऱ्यावर नसलं की ती चाकापाशी जाते, आणि हे अगदी खरं आहे, कारण माती मध्यावर आणताना दुसरा विचार करताच येत नाही. कोपर मांडीला टेकवून, श्वास धरून गोळा दाबायचा, हात जरा हलला की सगळा गोळा लडबडायला लागतो. रडत असलात तरी हात स्थिर ठेवावे लागतात.

आता तो प्रसिद्ध प्रसंग. प्यायलेल्या यामादाला मायामा पाठीवर घेऊन घरी सोडायला निघालाय आणि ती त्याच्या मानेत तोंड खुपसून पुन्हा पुन्हा म्हणते, मला तू आवडतोस. तो फक्त हं म्हणतो. पुन्हा ती तेच, पुन्हा तो हं. दुसरं काहीही होत नाही. तो थांबत नाही, ती उतरत नाही. माझ्या बाबतीत असा माणूस होता, पाठीवर वगैरे नाही पण एसटी स्टँडवर, आणि त्याचा तो 'हं' मला ओळखीचा होता. त्यात नकार असतो आणि माया पण असते आणि दोन्ही खोटं नसतं. हे पंचविशीत कळलं असतं तर मी त्याला दुष्ट ठरवलं नसतं. @ठाम_मत, तुमचा राग मला समजतो, पण यामादालाही थांबायचं नाहीये ना. ती स्वतःच म्हणते की हे प्रेम सोडून दिलं तर माझ्यापाशी उरेल काय.

अवांतर: जपानी चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, आपल्या कुंभारांचंही तसंच. पाश्चात्त्य पद्धतीत उलटं. मी उलटं शिकले आणि आता जपानी व्हिडिओ बघून काही शिकायचं म्हणजे डोक्याला ताप.

रातराणी_पुणे
@कुंभारीण, लिहीत जा गं अशीच. दोनदा वाचला प्रतिसाद.

नादखुळा
एसटी स्टँडचं लई लागलं. फुडं काय झालं त्या मानसाचं?

कुंभारीण
@नादखुळा, लग्न झालं त्याचं, माझंही. त्याच्या बायकोने माझ्याकडून चहाचे मग घेतलेत, किंमत पूर्ण लावली.

खारे_दाणे
लोल. हा खरा जोसेइ शेवट.

आजोबा_ऑनलाईन
नमस्कार मंडळी. आमची नात हे असले कार्टून बघत असते म्हणून धागा उघडला. आम्हांस वाटले लहान मुलांचे काही असेल. इथे तर विधवा, एकतर्फी प्रेम, नोकरी, मद्यपान. मग हे माणसे घेऊन का करत नाहीत? चित्रे काढायचा एवढा खटाटोप कशासाठी?

तिरफळ
@आजोबा_ऑनलाईन, आजोबा, माणसं घेऊनही केलंय, एदोगावाकरांनी वर लिहिलंय. पण चित्रात एक सोय असते. प्रसंग ऐन भरात आला की चेहरा फक्त दोन रेषांचा करून टाकता येतो, हसवता येतं आणि पुढच्या क्षणी खरा चेहरा दाखवता येतो. खऱ्या नटाला ते जमत नाही, जमलं तर विचित्र दिसतं. या मालिकेत तर पार्श्वभूमीसुद्धा जलरंगात रंगवल्यासारखी फिकट आहे, कडा विरलेल्या. आठवण जशी असते तशी.

आजोबा_ऑनलाईन
समजले. नातीला सांगतो एक भाग लावून दे म्हणून.

निवांत_बसलोय
आजोबा, पहिल्या भागात मोरिता येईल तेव्हा आवाज कमी ठेवा.

वरूडची_संत्री
मोरिताले काही बोलायचं नाही हं! थो आहे म्हनून बाकीचे रडके सहन होतात. महिनामहिना गायब होते, येते तं खिशात नोटायचे पुडके, अन् आल्याबरोबर ढाराढूर झोपते. असा एक मानूस प्रत्येक होस्टेलात असते, आमच्याइकडे होता, परीक्षेच्या दिवशीच दिसे. मोरिता वऱ्हाडीत डब केला पाहिजे, काय मजा येईन!

खारे_दाणे
आणि ताकेमोतो सदाशिव पेठी. 'माफ करा, पण मला वाटतं की माझं आपल्यावर, म्हणजे तसं बघायला गेलं तर, प्रेम असावं.'

वरूडची_संत्री
😂😂 अन् मोरिता: 'बोल ना बे लवकर!'

माहेरवाशीण
हाहाहा थांबा रे, चहा सांडला.

जेजेची_पायरी
विनोद चालू असताना मधेच घुसतोय. मी मुंबईत कमर्शियल आर्ट केलं, आता जाहिरातीत आहे. मला ही मालिका प्रेमापेक्षा कामाबद्दल जास्त वाटते आणि कदाचित म्हणूनच लोक 'रोमान्स' शोधत येतात आणि गोंधळतात.

आर्ट कॉलेजात पहिल्या वर्षी एक गोष्ट कळते आणि ती पुढे कुणी उघड बोलत नाही: वर्गात एक-दोन जण असे असतात की त्यांचं आणि आपलं कधीच जमणार नाही, मेहनतीने भरून निघणारं अंतर ते नसतं. हागू आणि मोरिता तसे आहेत. त्या दोघांचं आकर्षणही तिथूनच येतं, एकमेकांचं काम बघून दोघं गप्प होतात. ताकेमोतो तिसरा. तो चांगला आहे, कष्टाळू आहे, पण त्याला काय करायचंय तेच ठाऊक नाही. एक उंच मनोरा बांधत बसतो, जो कुठे संपवायचा ते त्याला कळत नाही, सगळे त्यावरून चिडवतात आणि तो शेवटी स्वतःच तो मोडतो. नोकरीच्या धावपळीत पोटात अल्सर होऊन दवाखान्यात, वर्ष वाया. मी हे बघितलं तेव्हा माझी पहिली नोकरी नुकतीच गेली होती, पुढचं समजून घ्या.

आणि मग एक दिवस तो सायकलवर बसतो आणि कुणाला न सांगता निघतो. मागे न बघता किती लांब जाता येतं ते बघायला. पार उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या टोकापर्यंत. वाटेत पैसे संपतात तर देवळांची डागडुजी करणाऱ्या सुतारांच्या टोळीत स्वयंपाक करायला राहतो. त्या भागांत हागू जवळजवळ नाहीच, आणि तरी प्रेमकथेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच. परत येतो आणि सरळ सांगतो, तू मला आवडतेस. ती म्हणते, थँक्यू. संपलं. त्याला माहीत होतं उत्तर काय येणार, तरी सांगायला तो हजार किलोमीटर सायकल मारून आला.

एदोगावाकर
@जेजेची_पायरी, हजाराच्या बरंच वर, शिवाय आओमोरी ते हाकोदाते बोटीने जावं लागतं, समुद्राखालचा बोगदा फक्त रेल्वेचा आहे. सोया भूशिरावर मी गेलोय, गाडीने. एक त्रिकोणी स्मारक आहे, जपानचं उत्तर टोक म्हणून फोटो काढायला रांग, वारा इतका की उभं राहवत नाही, आणि बाकी बघायला काहीच नाही. ताकेमोतोसारखे सायकलवाले दरवर्षी येतात म्हणे.

नादखुळा
म्हंजे आपल्या पोरांचं लडाखला बुलेट.

एदोगावाकर
अगदी तेच, फक्त सायलेन्सरचा आवाज नाही.

जपानी_शिकतेय
मी पुण्यात जपानी शिकते, आमच्या सेन्सेईंनी ऐकायच्या सरावासाठी ही सुचवली होती कारण यातले लोक रोजचं बोलतात, लढाईतल्यासारखं ओरडून नाही (मोरिता सोडून 😄). ताकेमोतोचा आवाज कामिया हिरोशीचा आहे, ज्याला आज सगळे ओळखतात. आणि हागूच्या शू-चानचा, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या, कॉलेजातल्या हानामोतो सरांचा आवाज फुजिवारा केइजी, ते २०२० मध्ये गेले. त्यांच्यासाठी तरी बघा.

कुणी ओपनिंगबद्दल का बोलत नाहीये? युकीचं गाणं आणि ताटलीत गोल गोल फिरणारे विचित्र खाद्यपदार्थ! एकही पात्र दिसत नाही. माझ्या आईने एकदा बघितलं आणि विचारलं, हा रेसिपीचा कार्यक्रम आहे का.

माहेरवाशीण
ते ओपनिंग बघून मला भूक लागते आणि किळसही येते, एकाच वेळी. आणि भागांच्या मधे वाजणारी स्पिट्झ आणि सुगा शिकाओची गाणी! माझ्या फोनमध्ये अजून आहेत.

ठाम_मत
बरं, सगळे गोड गोड बोलून झालं असेल तर मूळ दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ या का? शेवट. हागूच्या उजव्या हाताला अपघातात जबर इजा होते, परत चित्र काढता येईल की नाही याची खात्री नाही. मोरिता म्हणतो काढू नकोस, नुसती माझ्याजवळ जिवंत राहा. आणि ती निवडते हानामोतो सरांना. ज्यांनी तिला सांभाळलं, जे नात्यातले, तिच्या आईवडिलांच्या पिढीत मोडणारे. मला हे मुळीच पटलेलं नाही. छत्तीस भाग बघून हे?

निवांत_बसलोय
काय?? सरांना?? बरं झालं सोडली.

नादखुळा
म्या म्हनलं होतं झाकून लिवा.

तिरफळ
मला ती निवड 'लग्न' म्हणून दिसतच नाही. मालिका तसं दाखवतही नाही, कुणी कुणाला मिठीत घेऊन चुंबन वगैरे काही नाही. ती सरांना म्हणते, तुमचं आयुष्य मला द्या. हे प्रेयसीचं बोलणं नाही, हे भयंकर मोठं मागणं आहे. तिला कळलंय की हात परत आणायला वर्षं लागतील, रोजचा व्यायाम, रोजचं अपयश, आणि हे सगळं होत असताना चिडचिड सहन करणारा माणूस हवा. मोरिता तिला कामातून सोडवत होता. ताकेमोतो स्वतःच अजून उभा राहतोय. उरलं कोण?

ठाम_मत
@तिरफळ, म्हणजे प्रतिभावान बाई आणि तिच्यासाठी आयुष्य वाहून टाकणारा पुरुष. उलट असतं तर आपण त्याला नेहमीचा संसार म्हटलं असतं, हे मान्य करते. पण सांभाळणाऱ्यालाच जोडीदार करणं, त्यातला तो सत्तेचा भाग, त्याकडे काणाडोळा का करायचा? सर शेवटी कबूल करतात ना की त्यांचं तिच्यावर प्रेम आहे. मग ते इतकी वर्षं काय होतं?

जेजेची_पायरी
हा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणतो की ती निवड मला कलाकाराची वाटली. तिने माणूस नाही निवडला, काम निवडलं, आणि कामाला लागणारा माणूस घेतला. निष्ठुर आहे. मला ते आवडतं की उमिनोने नायिकेला निष्ठुर होऊ दिलं. शाळेतल्या प्रेमकथेत हे परवडत नाही.

कुंभारीण
मला दोघांचंही पटतंय. माझं मनगट मागे दुखावलं होतं, चाक बंद, तेव्हा नवरा म्हणाला, बरंच झालं, थोडी विश्रांती घे. प्रेमानेच म्हणाला. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. त्यामुळे मोरिताचं ते वाक्य ऐकून मी टीव्हीलाच शिवी घातली होती. पण सरांच्या बाबतीत @ठाम_मत म्हणते तसं काहीतरी टोचतंच, तेही खरं.

माहेरवाशीण
आणि तरी तो शेवटचा भाग. ताकेमोतो त्याच देवळाच्या सुतारांकडे नोकरीला निघालाय, गाडीत बसलाय, हागू फलाटावर धावत येऊन त्याच्या हातात पुडकं देते. गाडी सुटल्यावर तो उघडतो तर ब्रेडच्या चवडी, मध लावलेला आणि प्रत्येकात चार पानांचं क्लोव्हर. ज्या हाताने नीट धरताही येत नाही त्या हाताने तिने केलंय ते. आणि तो रडत रडत खातो. त्याला पडलेला प्रश्न हाच होता ना, की जे प्रेम जुळलंच नाही त्याला काही अर्थ असतो का. मी हे लोकलमध्ये मोबाईलवर बघत होते, समोरच्या मावशींनी पाण्याची बाटली पुढे केली, म्हणाल्या, नोकरी गेली का गं?

वरूडची_संत्री
मावशी ग्रेट!

जपानी_शिकतेय
ब्रेडमध्ये क्लोव्हर खरंच खातात का पण?

एदोगावाकर
खाल्लं तर मरत नाही इतकंच सांगू शकतो.

खारे_दाणे
आपल्याकडे घोड्यांच्या चाऱ्यात असतं ते. रोमँटिक वातावरण बिघडवल्याबद्दल क्षमस्व.

रातराणी_पुणे
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. @ठाम_मत, सरांबद्दलचा तुमचा आक्षेप मला वीस-बाविशीत कधी सुचलाच नव्हता, तेव्हा मी मोरिताच्या बाजूने रडत होते. आता पुन्हा बघितली तेव्हा मोरिता असह्य झाला आणि सर संशयास्पद वाटले, आणि जिच्याकडे पूर्वी लक्षच दिलं नव्हतं ती रिका सगळ्यात जवळची. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक यातच आहे. हिची जाहिरात करणार कशी? पोस्टरवर कुठलं जोडपं छापायचं?

तिरफळ
+१. 'यात कुणाचं कुणाशी जमतं' असं विचारलं की सांगायला काही नसतं.

ठाम_मत
यामादा आणि नोमियाचं जमण्यातलं आहे की. तोत्तोरीला बदली झाली तरी तो माणूस मागे हटत नाही. तेवढं एक नीट दाखवलं असतं तर मी सरांना माफ केलं असतं.

निवांत_बसलोय
बरं ऐका, मी पुन्हा सुरू केली काल. सहा भाग झाले. मोरिता अजून नकोसा वाटतो. यामादा आवडली. बायको म्हणते आहे एकट्याने पुढे बघायची नाही, त्यामुळे आता शनिवारपर्यंत थांबणं आलं.

जपानी_शिकतेय
आणि ही संपल्यावर काय बघावं? नोदामे बघितलीय. चिहायाफुरू पण. ती मोठ्या बायकांच्या मासिकातली असली तरी पात्रं शाळेतलीच.

तिरफळ
कुरागेहिमे, २०१० ची, अकराच भाग. जेलीफिशचं वेड असलेली मुलगी आणि बायकांचे कपडे घालून फिरणारा राजकारण्याचा मुलगा. हसायचं असेल तर. रडायचं असेल तर शोवा गेनरोकु राकुगो शिंजू, त्यात मात्र प्रेम कमी आणि गोष्ट सांगण्याची कला जास्त, पण बायका काय ताकदीच्या आहेत.

एदोगावाकर
राकुगोसाठी वेगळा धागा काढा, तिथे मी तीन पानं लिहीन.

आजोबा_ऑनलाईन
चार भाग पाहिले. मोरिता आमच्या धाकट्या मेव्हण्यासारखा आहे. नातीचे म्हणणे आहे की आजोबांनी मधे मधे प्रश्न विचारू नयेत. तरी एक विचारतो, तो हानामोतो सर मास्तर असून वर्गात शिकवताना का दिसत नाही?

खारे_दाणे
आजोबा, आर्ट कॉलेज आहे ते. @जेजेची_पायरी, तुम्हीच सांगा आता.

जेजेची_पायरी
नो कमेंट्स. आमचे सर हा धागा वाचत असतील.